रूपा तलावडीचे भाडेकरू

मांजलपूर, बडोदे
१८ जुलै १९९५

ती. दादांस,
साष्टांग नमस्कार. तो रागाच्या भरात परत पाठवू नका.

रविवारच्या सभेनंतर तुम्ही वहिनींना म्हणालात म्हणे, की ‘अहल्येशी यापुढे एक शब्द बोलणार नाही.’ ठीक आहे. पत्र वाचणार नाही असं काही तुम्ही म्हणाला नाहीत, म्हणून लिहिते. मांजलपुराहून प्रतापनगरला स्कूटरनं पोचायला किती वेळ लागतो? पण तुमचा शब्द मोडायला नको, म्हणून पोस्टाला कामाला लावलं आहे.

माझं चुकलं ते एवढंच, की मंडळाच्या भरल्या सभेत उठून मी अध्यक्षाला, म्हणजे सख्ख्या मोठ्या भावाला, आडवी गेले. आधी घरी येऊन बोलायला हवं होतं. त्याबद्दल कान धरते. जे बोलले ते मात्र परत घेत नाही, कारण ते खरं आहे. सभेत कुणी मला वाक्य पुरं करू दिलं नाही, तेव्हा इथे करते.

आमच्या जलपंखी ट्रस्टला लोक ओळखतात ते उत्तरायणात पतंगाच्या दोऱ्यानं कापलेल्या पाखरांची मलमपट्टी करणारे म्हणून. पण बरं झालेलं पाणपाखरू सोडायचं कुठे? या बाजूची तळी एकेक करून बुजली. उरली ती तुमच्या घरामागची रूपा तलावडी. तिच्यात कमळाची पानं आहेत, शिंगाड्याच्या वेली आहेत, आणि त्यांच्यावर या वर्षी कमळपक्षी उतरले आहेत. आमचे हसमुखभाई त्यांना जळमांजर म्हणतात, कारण ओरडतात मांजरासारखे. लांब काळी शेपटी, मानेवर सोनेरी झळाळी. ते झाडावर घरटं बांधत नाहीत, दादा. तरंगत्या पानांवर चार काड्या टाकून त्यावरच अंडी घालतात. श्रावण-भादवा हाच त्यांचा हंगाम.

आणि भादव्यात आपलं मंडळ कमरेभर पाण्यातून वेली तुडवत बाप्पाला तळ्याच्या मध्यावर नेतं. आजवर पाखरांना दुसरीकडे जायला जागा होती. आता नाही. या वर्षीची पिल्लं गेली तर पुढच्या वर्षी इथे कुणी उतरणार नाही. म्हणून म्हणते, यंदा विसर्जन दुसरीकडे करा.

तुमची,
अहल्या


प्रतापनगर
२६ जुलै १९९५

अहल्या,

आशीर्वाद मुद्दाम लिहीत नाही. ते असतातच.

कान धरलेस ते वाचलं. एका हातानं कान धरायचा आणि दुसऱ्या हातानं भावाचा कान पिळायचा, ही तुझी लहानपणापासूनची कला आहे. बत्तीस वर्षं मी रेल्वेच्या वर्कशॉपात काढली, शंभर माणसं हाताखाली होती, पण भरल्या सभेत मला ‘तुम्हाला समजत नाहीये’ असं कुणी म्हणालं नव्हतं. तो मान तू मिळवलास.

आता तळ्याचं. आपल्या मंडळाचा बाप्पा रूपात विसर्जन करायचा, ही रीत आपल्या वडिलांनी, आबासाहेबांनी घातली. त्यांची सरकारी नोकरी गेली, संस्थान गेलं, गुजरात वेगळं झालं, पण ही रीत राहिली. इथली मराठी मंडळी वर्षातून एकदा त्या काठावर एकत्र उभी राहतात. ती मी कशी मोडू? उद्या वर गेल्यावर आबासाहेबांना काय सांगू, की शेपटीवाल्या पाखरांनी हरकत घेतली?

आणि एक विचारू का? तुझी मांजलपूरची सोसायटी कशावर उभी आहे? तिथे पूर्वी तलावडी होती, आपण दोघं तिथे शिंगाडे चोरायला जात होतो. तिच्यावर तिसऱ्या मजल्यावर बसून तू मला पाणथळ जागेचं महत्त्व शिकवतेस. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

पाखरांना पंख दिलेत देवानं. ढोल वाजला की उडतील, थांबला की परत येतील. तुझे ते भाडेकरू काही कायमचे बेघर होत नाहीत.

सुभानराव


मांजलपूर
३ ऑगस्ट १९९५

ती. दादांस,
सा. नमस्कार.

सोसायटीचं बोललात ते बरोबर लागलं. खरं आहे. आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा खाली पाणी होतं हे मला ठाऊक होतं, आणि प्राणिशास्त्र शिकवणारी बाई असून मी गप्प बसले. पण एक तळं माझ्या पायाखाली गेलं म्हणून दुसऱ्याबद्दल तोंड उघडायचा हक्क गेला, असं मी मानत नाही. उलट जास्त जोरात उघडणार.

पाखराला पंख असतात, दादा. अंड्याला नसतात.

तुम्हाला एक गंमत सांगते. कमळपक्ष्यात मादी अंडी घालते आणि निघून जाते, दुसऱ्या नराकडे. पुढचा महिनाभर अंड्यांवर बसतो तो बाप. ऊन, पाऊस, कावळे, सगळं तोच सोसतो. पिल्लं झाली की त्यांनाही तोच सांभाळतो. रूपात मी काल असे चार बाप पाहिले. पाण्यात माणसं उतरली तर ते जिवावर उदार होऊन तिथेच घिरट्या घालतील, पण पान उलटल्यावर अंडी पाण्यात जातात ती जातातच.

तुम्ही एकदा येऊन बघा. सकाळी मी रोज पायऱ्यांवर असते. तुम्ही बोलू नका, मीही बोलणार नाही. फक्त माझी दुर्बीण घेऊन बघा. पाहिल्यावरही तुमचं मन तेच म्हणालं, तर मी पुन्हा हा विषय काढेन, हे आधीच सांगून ठेवते. सोडणार नाही.

अहल्या


प्रतापनगर
१२ ऑगस्ट १९९५

चि. अहल्या,
अनेक आशीर्वाद. (बघ, लिहिले.)

तुझं पत्र आठवडाभर खिशात घेऊन फिरलो. काल संध्याकाळी, तू नसताना, रूपावर जाऊन आलो. तू म्हणालीस ते पाखरू मला काही दिसलं नाही. दिसलं ते काय, तर नुसतं रान! पानांवर पानं, वेलींचं जाळं, त्यात अडकलेला कचरा. हात बुडवायला पाणी दिसेना. मला खरंच लाज वाटली. माझ्या बहिणीचे पाहुणे या घाणीत राहतात!

बाप्पाला नेण्यापुरती वाट आम्ही दरवर्षी काढतोच. या वर्षी ठरवलं आहे, अख्खं तळं साफ करायचं. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की श्रमदान. वर्कशॉपची आमची जुनी टोळी येणार आहे, आपला गोविंद बाजव्याहून रिफायनरीतली चार पोरं घेऊन येतो म्हणाला. दोर, लोखंडी आकडे, सगळं तयार आहे. आम्ही काम करतो ते अर्धवट करत नाही, तुला माहीत आहे. तळं आरशासारखं करून देतो. मग बाप्पालाही मोकळं पाणी आणि तुझ्या भाडेकरूंनाही.

तुला आधी सांगणार नव्हतो, पण राहवलं नाही. हे पत्र पोचेपर्यंत काम झालेलं असेल. मग जाऊन बघ आणि म्हण, दादाला काही समजत नाही म्हणून!

तुझा,
दादा


मांजलपूर
१६ ऑगस्ट १९९५

दादा,

तुमचं पत्र आज दुपारी आलं. तळं मी सकाळीच पाहिलं.

नमस्कार लिहायला हात वळत नाही. काल आम्ही सगळे ट्रस्टच्या कामासाठी वढवाण्याच्या तळ्यावर गेलो होतो, नाहीतर आकड्यांसमोर आडवी पडले असते. आज सकाळी गेले तर काठावर वेलींचे ढीग, माणूसभर उंच. ढिगात अंड्यांच्या कवच्या. हसमुखभाई माझ्याआधी पोचले होते. ते खाली बसले होते. म्हणाले, “बेन, बधुं साफ थई गयुं.” सगळं साफ झालं. मी पायऱ्यांवर बसून रडले, वयाला न शोभेल इतकी.

दादा, ते रान नव्हतं. तेच घर होतं. ज्या पानांना तुम्ही घाण म्हणालात, त्यांच्यावरच अंडी होती. तुम्हाला पाखरू दिसलं नाही कारण बाप अंड्यांवर पान होऊन बसतो, दिसत नाही म्हणूनच तो जगतो. मी पत्रात सगळं लिहिलं आणि पानं काढू नका एवढं एक लिहिलं नाही. कुणी माझ्यावर माया करून तळं साफ करेल, हे मला सुचलंच नाही.

दुष्टाव्यानं केलं असतंत तर मी भांडले असते. तुम्ही माझ्यासाठी केलंत, आता भांडू कुणाशी?

पूर्वेच्या कोपऱ्यात वेड्या बाभळीच्या मुळांत तुमचे आकडे अडकले असणार. तिथे वेलींचा एक पट्टा उरला आहे. मी बसले होते तेव्हा एक बाप उघड्या पाण्यात एका तुटक्या पानावर होता. त्यानं चोच आणि छाती यांच्यात एक अंडं धरलं आणि मागे मागे सरकत, पाण्यातून ओढत ओढत, त्या पट्ट्यावर नेलं. मग परत आला, दुसरं नेलं. तिसरंही नेलं. चौथं बुडालं. तो बराच वेळ त्या जागी घिरट्या घालत राहिला.

तीन अंडी उरली आहेत. त्या तिघांसाठी मला जे करावं लागेल ते मी करणार आहे. तुम्ही काय करणार, ते तुम्ही ठरवा.

अहल्या


प्रतापनगर
२१ ऑगस्ट

प्रिय अहल्याताई,

मी प्रेमला. मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही, आणि हे पत्र मी लिहिते आहे हे ह्यांना माहीत नाही. कळलं तर खोटं लागेल, रुसून बसतील, म्हणून भाजी आणायच्या निमित्तानं पोस्टात टाकते.

तुमचं पत्र वाचून हे दारातल्या ओटल्यावर बसले ते बसलेच. हाक मारली तरी ऐकेनात. नंतर म्हणाले, “करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.” दुसऱ्या दिवसापासून घडीची खुर्ची आणि छत्री घेऊन रूपावर जातात. सकाळी चहा तिथे, दुपारचा डबा तिथे. म्हशी आल्या की उठून हाकलतात, कावळ्यांना खडे मारतात. म्हशीवाला म्हणाला, “काका, तळाव तमारुं छे?” तर हे म्हणाले, “भाडूत माझे आहेत!”

मला तर हसावं की रडावं कळत नाही. आमच्या गोविंदच्या वेळी हे डब्याखाली चाकं ठोकत होते. पोरगं कधी कडेवर घेतलं नाही. आता रोज संध्याकाळी मला सांगतात, आज बापानं पंख कसे पसरले, अंड्यांवर सावली कशी धरली. काल म्हणाले, “प्रेमला, तो दिवसभर उपाशी बसतो गं.” आणि पानावरून उठले.

तुम्ही लगेच येऊ नका. ह्यांना आधी काहीतरी करून दाखवायचं आहे. मी बावीस वर्षांची होते तेव्हापासून हा माणूस मला माहीत आहे.

तुमची,
प्रेमलावहिनी


प्रतापनगर
२८ ऑगस्ट १९९५

चि. अहल्या,
आशीर्वाद.

माफी मागायला शब्द शोधत होतो, सापडले नाहीत. म्हणून काय केलं तेवढंच लिहितो.

काल मंडळाची सभा बोलावली. उद्या बाप्पा बसणार, आणि दोन दिवस आधी अध्यक्षानं विसर्जनाची जागा बदला म्हणायचं, म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यात हात. पण उठलो. म्हणालो, “गेल्या महिन्यात माझी बहीण इथे उभी राहून जे बोलली ते बरोबर होतं. मी तिला खाली बसवलं, ते चूक. तळं साफ केलं, ती त्याहून मोठी चूक. यंदा पाण्यात कुणी उतरायचं नाही.”

आणि माझ्याविरुद्ध कोण उठलं असेल? आपला गोविंद! माझाच मुलगा, भरल्या सभेत. म्हणतो, “दादा, तुम्हाला समजत नाहीये. आबांची रीत आहे. आम्ही बाप्पाला रूपातच नेणार.” निम्मी सभा त्याच्या बाजूनं. मला राग यायला हवा होता, पण मनात आलं, आपल्या घराण्यात हे वाणच आहे. तुला तेव्हा कसं वाटलं असेल, ते कळलं.

मग मी एक तोड सांगितली. बाप्पाला रूपाचंच पाणी हवं ना? मिळेल. मूर्ती शाडूची आहे, कमरेएवढी. आमची वर्कशॉपची टोळी लोखंडी पत्र्याचा हौद बांधते आहे, हातगाडीवर बसेल असा. तो काठावर उभा करायचा, बादल्यांनी रूपाचं पाणी भरायचं, त्यात विसर्जन. आबासाहेबांची रीत तळ्याच्या पाण्याची होती, तुडवण्याची नव्हती. हौद गळणार नाही एवढी हमी देतो, आमच्या हातचा आहे.

सभा नुसती ओरडत राहिली, काही ठरलं नाही. गोविंद म्हणाला, “काठावर गेल्यावर बघू.” मीही म्हणालो, बघू.

तुझ्या त्या बापाची तिन्ही अंडी अजून आहेत. तू आता सांग, तू विसर्जनाला येणार का? तुझे ट्रस्टवाले येतील का? काठावर आपली माणसं जास्त असलेली बरी.

दादा


मांजलपूर
३ सप्टेंबर १९९५

ती. दादांस,
साष्टांग नमस्कार.

सभेचं वाचून मी ते पत्र हसमुखभाईंना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “बेन, तमारा भाई तो सिंह छे.” मी म्हटलं, सिंह नाही, रेल्वेचे आहेत.

मी येणार नाही, दादा. ट्रस्टचंही कुणी येणार नाही. मला हे लिहिताना किती जड जातंय ते तुम्हाला कळेल, कारण मी कुठून मागे हटणारी नाही. पण खूप विचार केला. मी तिथे उभी राहिले तर पोरांना वाटेल, बाहेरचे लोक आपल्या बाप्पाला अडवायला आलेत. मग ते हट्टाला पेटतील, आणि हट्टात पाणी तुडवलं जाईल. ही गोष्ट मंडळानं मंडळाला सांगायची आहे. एवढी वर्षं फलक लावले, अर्ज केले, शाळाशाळांतून भाषणं दिली, पण पाखरू वाचतं ते काठावरच्या माणसाला ते आपलं वाटलं तर. तुम्हाला वाटलं. आता पुढचं तुमच्यावर.

अंडी आज-उद्या फुटतील. अंड्यातून नुकती निघालेली पिल्लं पानावरून चालू लागतात, पण पोहून लांब जाऊ शकत नाहीत. विसर्जनाच्या दिवशी ती त्याच पट्ट्यात असणार. ढोलाच्या आवाजानं बाप बिथरला आणि पिल्लं पांगली, तर कावळे टिपून नेतील. म्हणजे पाण्यात न उतरणं पुरेसं नाही. आवाजही नको. बाप्पाच्या मिरवणुकीला हे मागणं म्हणजे अतिच, मला कळतं. तरी मागते.

वहिनींच्या हाती दुर्बीण पाठवली आहे.

अहल्या


प्रतापनगर
९ सप्टेंबर १९९५

चि. अहल्या,
अनेक आशीर्वाद.

काल रात्रीच लिहिणार होतो, पण पाय भरून आले होते. आता सगळं सांगतो, क्रमानं.

पिल्लं मंगळवारी झाली. तिन्ही. कापसाच्या बोळ्याला लांब पाय लावावेत तशी. मी त्या दिवशी तळ्यावरच्या म्हशीवाल्याला पेढा दिला, त्याला कारण कळलं नाही, पण त्यानं खाल्ला.

काल मिरवणूक निघाली ती ढोल-ताशा-गुलालासकट. मी नॅरोगेजच्या फाटकापाशी सगळ्यांना थांबवलं आणि सांगितलं, इथून पुढे वाजवायचं नाही. एकानं विचारलं, “बाप्पाला काय चोरून न्यायचं का?” गोविंदनं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ढोलवाल्याला हात केला, वाजव म्हणून. वाजलं. मग मी काय करणार होतो? माझा आवाज काही ढोलाइतका नाही.

मी पुढे चालत गेलो, चपला काठावर काढल्या आणि पायऱ्या उतरून पाण्यात जाऊन उभा राहिलो, जिथून दरवर्षी मूर्ती उतरते तिथे. धोतर, टोपी, सगळ्यासकट. मिरवणूक काठाला आली. मी म्हणालो, “मी अध्यक्ष आहे. ज्याला पाण्यात यायचंय त्यानं मला आधी बाहेर काढायचं. काढा.” अहल्या, मला खूप भीती वाटत होती. पाण्याची नाही, पोरांची. आपल्याच माणसांनी हाताला धरून बाहेर ओढलं असतं तर मी पुन्हा मंडळात तोंड दाखवू शकलो नसतो.

गोविंद उतरला. तणतणत, गुलालानं माखलेला. माझा दंड धरला. “दादा, चला. लोक हसतायत.” मी त्याला फक्त डावीकडे बघ म्हणून हनुवटीनं खूण केली.

पट्टा तिथून दहा हातांवर. ढोलानं तो बाप उभा राहिला होता. त्यानं एक बारीक आवाज काढला, आणि तिन्ही पिल्लं पानांवरून धावत त्याच्याकडे आली. तो थोडा वाकला, पंख उघडले, आणि तिघांना बगलेत घेऊन पंख मिटले. मग तसाच उठून चालू लागला. अगं, पंखांखालून इवले इवले पाय नुसते लोंबत होते! बापाचे दोन आणि खाली लोंबणारे सहा. तो पानापानावरून त्यांना आत, बाभळीखाली घेऊन गेला. पळाला नाही. त्याला पळता आलं असतं.

गोविंदनं माझा दंड सोडला नाही, पण ओढायचं थांबवलं. आम्ही दोघं तसेच उभे. मग तो वळला आणि काठाकडे दोन्ही हात वर केले. ढोल थांबला. पोरांना काही कळेना, पण थांबला. गोविंद हळू आवाजात म्हणाला, “हौद आणा.”

पुढचं सोपं होतं. काठापासून हौदापर्यंत माणसांची रांग लागली, बादल्या या हातातून त्या हातात. तुझी वहिनी रांगेत होती, रिफायनरीची पोरं होती, म्हशीवालाही होता. रूपाचं पाणी हौदात चढत गेलं. आरती सगळ्यांनी म्हटली, पण ओठातल्या ओठात, टाळ्या न वाजवता. आबासाहेबांपासून इतक्या आरत्या झाल्या या काठावर, पण काल मला पहिल्यांदा शब्द ऐकू आले. मूर्ती मी आणि गोविंदनं मिळून सोडली. हौद एक थेंब गळला नाही.

तुझी चूक नाही, माझी आहे, हे एकदा स्वच्छ लिहितो. तीन घरटी मी माझ्या हातानं उपटली. ती परत येणार नाहीत. पुढच्या वर्षी वेली वाढू देण्याचं काम माझं, आणि तुझ्या ट्रस्टचा एक कागद माझ्याकडे पाठव, सभासद व्हायचं आहे. गोविंदही म्हणतोय. सभांमध्ये मी उठून तुझ्याविरुद्ध बोलणार, ते मात्र चालवून घ्यावं लागेल. रविवारी जेवायला ये. समोर बसून बोलू.

आणखी एक राहिलं. हौदात मूर्ती पाण्याखाली गेली तरी कुणी तोंडातून आवाज काढला नाही. दोनशे माणसं, लहान पोरंसुद्धा, गुलाल अंगावर घेऊन मुकाट्यानं काठावरून परत फिरली. कुणाला सांगावं लागलं नाही. तळं मागे पडलं, बाभळी मागे पडल्या, तरी सगळे गप्प. नॅरोगेजचं फाटक ओलांडलं, आणि मग कुणीतरी मागे वळून पाहिलं, पुरेसं लांब आलोय ना म्हणून. आणि एकदम, सगळ्यांनी मिळून, इतका वेळ छातीत धरून ठेवलेला ‘मोरया’ सोडला.

तुला मांजलपुरात ऐकू आला असणार.

तुझा,
दादा